सोबत, शिधा आणि परवाना

क्रोएशिया, बॉस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया अशा चार-सहा देशांतून दहा-बारा दिवसांत फिरवून आणणारी बाल्कनची समूह सहल आज महाराष्ट्रातील पर्यटन संस्थांच्या पत्रकांत नेहमी दिसते, आणि पेण-रोह्यासारख्या निमशहरी गावांतील निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी किंवा व्यापारी कुटुंबे परदेशी जायचे ठरवतात तेव्हा बहुधा अशाच सहलीचा विचार करतात. विमानाचे तिकीट, व्हिसा, मुक्काम, जेवण, बस आणि वाटाड्या यांची एकच किंमत आगाऊ भरायची व पुढची सगळी जबाबदारी टूर मॅनेजर नावाच्या एका माणसावर सोपवायची, ही या व्यवस्थेची थोडक्यात व्याख्या होय. तिचा उगम इंग्लंडमध्ये शोधण्याचा प्रघात आहे आणि तिच्या व्यापारी रूपापुरता तो बरोबरही आहे. परंतु उत्तर कोकणातील प्रवासाचा इतिहास नीट पाहिला, तर या व्यवस्थेचा गाभा, म्हणजे विश्वासाची सोबत विकत किंवा उसनी घेऊन परमुलखात जाणे, येथे फार जुना असल्याचे दिसते. तो गाभा टिकला. सोबत देणारा मात्र दर पिढीला बदलत गेला.

पेण आणि रोहे ही मुळात वाटेवरची गावे आहेत. पेणजवळची अंतोऱ्याची खाडी व धरमतर यांमधून गलबते मुंबईला जात, आणि बोरघाटाच्या वाटेने देशावरचा माल खाली उतरे. रोहे कुंडलिकेच्या काठी आहे. ही नदी रेवदंडा-चौल येथे समुद्राला मिळते आणि चौल हे तर मध्ययुगातील पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. अरब प्रवासी अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी तेथे येऊन गेला आणि पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौललाच उतरून जुन्नरकडे गेला. त्याच्या वृत्तांतात वाटेवरचे गाव म्हणून पालीचा उल्लेख आहे आणि ती अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराची, रोह्याच्या शेजारची पाली असल्याचे सामान्यतः मानले जाते. परदेशी माणूस या दारातून येत होता तेव्हा येथला माणूस बाहेर कसा पडत होता, हा या निबंधाचा विषय आहे.

तो एकटा पडत नव्हता. रस्त्यांवर चोर-पेंढाऱ्यांचे भय, ठिकठिकाणी जकातीची नाकी, राज्यागणिक वेगळे नाणे आणि अन्नाची शुचिता सांभाळण्याची गरज या चार अडचणींमुळे काशी-प्रयागसारखी लांबची यात्रा एकट्याने करणे अविचाराचे समजले जाई. म्हणून चांगली सोबत पाहून निघावे, हा शिरस्ता होता. सर्वांत भक्कम सोबत अर्थातच राजघराण्याची. मूळच्या श्रीवर्धनच्या भट घराण्यातील राधाबाई, म्हणजे पहिल्या बाजीरावाची आई, १७३५ मध्ये पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाली आणि उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा प्रवास करून पुढच्या वर्षी परतली. वाटेतील राजेरजवाड्यांनी तिची सरबराई ठेवली आणि मोगलांच्या मुलखातूनही ती निर्धोक गेली, कारण तिच्या मुलाचा दरारा तिच्या पुढे चालत होता. अशा स्वारीच्या मागे सामान्य यात्रेकरूही लागत, कारण मोठ्यांच्या छत्राखाली जकात चुके आणि जीवही वाचे. या प्रथेचे सर्वांत दारुण टोक पानिपत होय: सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर हजारो यात्रेकरू उत्तरेत गेले होते आणि १४ जानेवारी १७६१ रोजी फौज मोडली तेव्हा त्या निःशस्त्र माणसांना ना मागे वाट होती ना पुढे. सोबत जितकी मोठी तितके संकटही मोठे असू शकते, हे त्या काळाने फार मोठी किंमत देऊन जाणले.

पेण तालुक्याचा या विषयावरचा सर्वांत मोलाचा पुरावा मात्र एका सामान्य भिक्षुकाने ठेवला आहे. वरसई हे पेणच्या बाजूचे छोटे गाव. तेथील विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत १८५७ मध्ये चुलते रामभट यांच्याबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणापर्यंत आली होती. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५६ मध्येच खोपोलीला, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याला पोहोचली होती. तरी या चुलत्या-पुतण्यांची यात्रा जुन्या पद्धतीची, पायांची आणि बैलगाडीची होती. महूच्या आसपास त्यांना शिपायांकडून येऊ घातलेल्या उठावाची बातमी मिळाली आणि त्यानंतर दक्षिणा मिळवायला निघालेला हा ब्राह्मण इतिहासाच्या ऐन भोवऱ्यात सापडला. झांशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. विष्णुभटांनी आठवणीने लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कारून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आली.

हा ग्रंथ सत्तावन्नच्या उठावाचे साधन म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे; पण तो प्रवासाच्या व्यवस्थेचे साधन म्हणूनही तितकाच श्रीमंत आहे. कंपनी सरकारचा मुलूख, होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे उज्जैन व ग्वाल्हेर, नेवाळकरांची झांशी असा हा अनेक राज्यांमधून झालेला प्रवास होता, आणि प्रत्येक ठिकाणी नवी सोबत, नवा ओळखीचा धागा शोधावा लागत होता: कोठे दूरचा आप्त, कोठे कोकणातून आलेला कारकून, कोठे अन्नछत्र, कोठे देवळाची ओवरी. त्या काळी सराफ परक्या राज्याचे नाणे बट्टा कापून घेत, आणि रोख रक्कम अंगावर बाळगणे धोक्याचे म्हणून ज्यांना शक्य असे ते हुंडी नेत. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर दिलेली, तेवढी रक्कम अदा करण्याची लेखी आज्ञा. विष्णुभटांची बरीचशी कमाई वाटेतील लुटालुटीत गेली. आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी खांद्यावर वाहून घरी आणली. बांबूच्या दोन टोकांना टांगलेली तोंडबंद पात्रे जमिनीला टेकू द्यायची नाहीत, हा कावडीचा नेम. विसाव्याला ती झाडाच्या फांदीला किंवा खुंटीला अडकवावी लागे. शेकडो कोस हा नेम पाळत चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, म्हणजे त्या काळी यात्रा शब्दात किती देहकष्ट भरलेले होते याची कल्पना येते.

तीर्थाच्या ठिकाणी पोहोचल्यावर यात्रेकरूला ताब्यात घेणारी संस्था म्हणजे तीर्थोपाध्याय, उत्तरेकडील बोलीत पंडा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथील उपाध्यायांकडे गावे आणि आडनावे यांप्रमाणे लावलेल्या वह्या असतात. पूर्वी कोण आले, कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, हे त्यांत खुद्द यात्रेकरूंच्या सहीनिशी नोंदलेले असते आणि त्या नोंदीवरून पुढच्या पिढीचा यजमान कोणाचा हे ठरते. उतरण्याची जागा, जेवणाची सोय, विधींचा क्रम, देवदर्शनाची वाट, परतीच्या सोबतीची चौकशी एवढे सगळे उपाध्याय करी आणि शेवटी एकत्रित दक्षिणा घेई. समूह सहलीचा टूर मॅनेजर हा इंग्लंडमध्ये तिचा धंदा उभारणाऱ्या थॉमस कुकपेक्षा या उपाध्यायाचा अधिक जवळचा वारस आहे, असे मानण्यास जागा आहे. कारण मराठी प्रवाशाची त्याच्याकडून असलेली अपेक्षा गिऱ्हाइकाची कमी आणि यजमानाची जास्त असते. कोकणी मुसलमानांच्या हजयात्रेतही हीच रचना आढळते: मक्केत प्रदेशागणिक नेमलेले मुअल्लिम, म्हणजे विधी शिकवणारे व मुक्काम पाहणारे मार्गदर्शक, आपापल्या मुलखाच्या यात्रेकरूंना उतरवून घेत.

इंग्लंडात ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने लेस्टर ते लफबरो अशी सुमारे ५०० माणसांची आगगाडीची सफर प्रत्येकी एका शिलिंगात घडवली आणि पुढे तिचा जगभर धंदा केला, हे प्रसिद्ध आहे. १८७२-७३ मधील त्याची पृथ्वीप्रदक्षिणा हिंदुस्थानातून गेली, आणि १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबईहून जाणाऱ्या हजयात्रेची व्यवस्था त्याच्याच कंपनीकडे दिली. ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही, पण ती महत्त्वाची आहे: नव्या धंद्याला येथे जम बसवण्यासाठी जुन्या यात्रेचाच आधार घ्यावा लागला. दरम्यान १८७० पर्यंत मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला होता आणि काशी महिन्यांच्या अंतरावरून दिवसांच्या अंतरावर आली होती. पेणच्या माणसाने धरमतरहून बोटीने मुंबई गाठावी आणि तेथून आगगाडी धरावी, असा क्रम पडला. पुढे नाशिकच्या चौधरींसारख्या यात्रा कंपन्या उभ्या राहिल्या. आचारी, भांडी, शिधा आणि प्रवासी एकाच डब्यातून नेणारी ही यात्रा कंपनी म्हणजे यात्रेकरूंच्या जुन्या मेळ्याने घेतलेले रेल्वेचे रूप होते.

शिध्याचा प्रश्न येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. शिधा म्हणजे न शिजवलेले धान्य, डाळ, तूप, मीठ असा एका माणसाच्या जेवणाचा ऐवज. परक्याच्या हातचे न खाणारा यात्रेकरू शिधा बांधून नेई किंवा मागून घेई आणि तीन दगडांची चूल मांडून स्वतः रांधे. सोवळ्याचे बंधन विसाव्या शतकात सैल झाले, तरी त्यामागची धास्ती रूप बदलून उरली. आजच्या सहलीच्या पत्रकात ‘भारतीय जेवण’ हे शब्द ठळक छापलेले असतात, आणि पेणहून निघणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेत पोह्याचे भाजलेले पापड, मेतकूट आणि चिवडा यांच्या पुरचुंड्या कपड्यांच्या घड्यांत दडवलेल्या असतात. पेणचा पापड आणि पेणचा गणपती ही दोन्ही त्या गावच्या बहुतेक माणसांच्या आधी परदेशी गेली. तेथील कारखान्यांतल्या मूर्ती कित्येक वर्षे समुद्रापलीकडच्या मराठी घरांत बसत आल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर सर्वसामान्यांच्या समूहप्रवासाला खरे बळ दिले ते एस. टी. ने. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि पुढे ‘प्रासंगिक करार’ या नावाने संपूर्ण गाडी लग्न, सहल किंवा यात्रेसाठी भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली. शाळेची सहल, भजनी मंडळाची पंढरी आणि आळीतल्या बायकांची अष्टविनायक यात्रा या सगळ्यांची गाडी प्रासंगिक कराराची. अष्टविनायकांपैकी पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, एक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि पाली व महड ही दोन रायगडात असल्यामुळे पेण-रोह्याची माणसे या यात्रेत पाहुणीही होती आणि यजमानही. बाहेरून आलेल्या गाड्या पालीला मुक्कामाला थांबत आणि इथल्या गाड्या घाट चढून ओझर-लेण्याद्रीकडे जात. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटाने या फेरीला आणखी लोकप्रिय केले. पहाटे देवळाशी उभी राहणारी गाडी, पुढाऱ्याच्या हातातील नावांची यादी, प्रत्येक थांब्यानंतरची शिरगणती, मागच्या बाकावरच्या भेंड्या आणि ‘कोणी राहिलं का?’ हा ठरलेला प्रश्न: परदेशी सहलीचा सारा शिष्टाचार मराठी माणसाने या गाडीत आधी गिरवला होता. केंद्र सरकारने १९५६ पासून नोकरदारांना रजाप्रवास सवलत दिली आणि कुटुंबासह दूर जाण्याची सवय पगारदार वर्गात रुजू लागली.

परदेशाचे दार मात्र दीर्घकाळ किलकिलेच राहिले आणि त्याचे कारण परकीय चलन हे होते. १९४७ चा परकीय चलन नियंत्रण कायदा झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख होते. नाते या गावी जन्मलेले आणि रोह्यात बालपण गेलेले देशमुख हे त्या पदावरचे पहिले भारतीय. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची चलनपरिषद भरली, तिच्या भारतीय शिष्टमंडळात ते होते आणि त्याच परिषदेत युगोस्लाव्हियाचेही प्रतिनिधी होते. एका रोहेकराने बाल्कन राष्ट्राच्या प्रतिनिधींबरोबर जगाच्या चलनाचा विचार केला, पण त्याच्या गावच्या माणसाला मौजेसाठी थोडे परकीय चलन मिळायला पुढची चार-पाच दशके लागली. नव्या देशाला यंत्रे आणि धान्य आणायचे होते, हौसेच्या प्रवासाला चलन नव्हते, आणि त्या परिस्थितीत हे बंधन न्याय्यच म्हटले पाहिजे. १९९१ नंतर ते सैल होत गेले. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलर विनासायास परदेशी नेण्याची मुभा दिली आणि ही मर्यादा पुढे अडीच लाख डॉलरपर्यंत वाढली. हुंडीची जागा आधी ट्रॅव्हलर्स चेकने आणि मग फॉरेक्स कार्डाने घेतली.

या उघडलेल्या दारातून मराठी कुटुंबांना बाहेर नेणाऱ्यांत केसरी पाटील यांचे नाव अग्रभागी येते. पालघरकडच्या केळवे परिसरातील हे शिक्षक आधी भावाच्या राजा-राणी ट्रॅव्हल्समध्ये काम करत. १९८४ मध्ये त्यांनी केसरी ही स्वतःची संस्था काढली आणि त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड सुरू केली. मराठीतून बोलणारा टूर मॅनेजर, ओळखीचे जेवण, वर्तमानपत्रातील घरगुती भाषेचे स्तंभ आणि केवळ महिलांसाठीच्या सहली, या गोष्टींनी परदेश ही श्रीमंतांची मिरास उरली नाही. महिलांच्या सहलींचे महत्त्व पर्यटनाच्या आकड्यांपलीकडचे आहे. पूर्वीच्या समाजात विधवा स्त्रीला घराबाहेर पडण्याची प्रतिष्ठित वाट एकच होती, ती म्हणजे गावच्या बायकांबरोबरची यात्रा. जी स्त्री नवऱ्याविना मुंबईलाही गेली नव्हती, ती मेळ्याबरोबर रामेश्वरला जाऊन येई. समूह सहलीला मेंढरांचा कळप म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. साठीनंतर प्रथमच पासपोर्ट काढणारी रोह्याची गृहिणी आड्रियाटिक समुद्रासमोर उभी राहते, ती या समूहाच्या बळावर. एकटीने फिरण्याचे स्वातंत्र्य तिला कोणी शिकवलेच नव्हते.

बाल्कन हा तुर्की शब्द असून त्याचा अर्थ झाडीने भरलेली डोंगररांग असा होतो. त्या द्वीपकल्पाचा मोठा भाग शतकानुशतके उस्मानी तुर्कांच्या राज्यात होता. विसाव्या शतकात त्यातील सहा प्रजासत्ताकांचा युगोस्लाव्हिया झाला आणि १९९१ पासून तो फुटत गेला. मोस्तारचा सोळाव्या शतकातील कमानी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. मराठी प्रवाशाला हा प्रदेश भाषेच्या अंगाने मात्र अनोळखी नाही. साराजेव्हो या नावात आपलीच ‘सराई’ आहे, दुकानाला तेथे ‘दुचान’ आणि मैदानाला ‘मेयदान’ म्हणतात, बक्षिसाला ‘बकशिश’. भाड्याने घोडे देऊन तांडे नेणारा जुना बाल्कन वाहतूकदार ‘किरिजी’, आणि आपला किराया त्याच अरबी धातूपासून निघाला आहे. दख्खनच्या सुलतानांनी फारसी मराठीत आणली, उस्मानांनी ती डॅन्यूबपर्यंत नेली, आणि दोन टोकांच्या बाजारपेठांत एकच शब्द राहून गेले. वाटाड्यांनी हे सांगायला हवे. राजवाड्यांच्या तारखांपेक्षा एवढ्यानेच प्रवासी त्या गावाला अधिक जवळचा होईल.

विष्णुभटांच्या हिंदुस्थानासारखाच हा तुकड्यातुकड्यांचा मुलूख आहे. क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो आणि त्याच दिवशी तो देश शेंगेन गटात, म्हणजे आपसांतील सीमेवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय राष्ट्रांच्या गटात आला. बॉस्नियाचे नाणे वेगळे, अल्बानियाचे लेक वेगळे, आणि माँटेनेग्रो युरोपीय संघात नसूनही युरोच वापरतो. क्रोएशियातून बॉस्नियात जाऊन पुन्हा क्रोएशियात यायचे असेल, तर एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, आणि दस्तकाप्रमाणेच, म्हणजे जुन्या काळच्या प्रवासपत्राप्रमाणेच, या परवान्यातील एका शब्दावर संपूर्ण जथा अडू शकतो. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाणारा किनारी रस्ता तर नेऊम येथे बॉस्नियाच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यातून जातो; थोड्याच किलोमीटरांत दोनदा सीमा ओलांडावी लागे. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशाचचा पूल खुला झाला आणि ही अडचण टळली. दुब्रोव्हनिकहून कोटोरकडे निघाल्यावर मात्र देबेली ब्रियेगच्या चौकीवर बस आजही थांबते. टूर मॅनेजर बाकाबाकाशी जाऊन निळ्या पारपत्रांचा गठ्ठा गोळा करतो, यादीशी ताडून पाहतो, खिडकीशी नेऊन देतो. तपासलेला गठ्ठा परत येतो, तो माणसे एकदा मोजतो, कोणी राहिले नाही ना असे विचारतो, आणि गाडी पलीकडच्या मुलखात उतरते.